विजू, तुझी मशीन आज चालू केली

विजू, तू गेलास, तुझं पुण्यानुमोदन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रतन तुझी मशीन घेऊन तुर्भ्याला दुकानात आला. गोणपाटात गुंडाळून आणली होती, कुणाच्या नजरेला पडू नये अशी. टेबलावर ठेवून त्याने गोणपाट सोडलं आणि तो बाजूला होऊन उभा राहिला. मीसुद्धा मागे सरकले. या टेबलाशी माझं आयुष्य गेलं. फवारणीचे पंप, पाण्याची इंजिनं, गवत कापायच्या मशिनी, झाडं कापायच्या चेन सॉ, आपल्या आबांच्या वेळेपासून जे जे या दुकानात आलं ते मी उघडलं आणि परत जोडलं. कधी कशाला हात लावायला भ्याले नाही. तुझ्या मशीनला भ्याले. मुठीवर तुझ्या हातमोज्याचा काळा डाग होता आणि साखळीत भुसा अडकून वाळला होता. उलव्याला कापलेल्या झाडाचा भुसा.

रतन म्हणाला, खारघरच्या त्या सोसायटीचे लोक रोज फोन करतायत. सोनमोहर गेटच्या बाजूला कललाय, त्याच्याच खाली मुलं शाळेच्या व्हॅनची वाट बघत उभी असतात. पालिकेची परवानगीही आली आहे. काम तू घेतलेलं, शब्द तू दिलेला. आजवर वर तू जायचास आणि खाली दोर रतन धरायचा. आता वर त्याला जावं लागणार. मग खाली बघत म्हणाला, "ताई, मशीन ठीक हाय ना? तू सांगशील तवाच जाईन."

उद्या ये, एवढंच मी म्हणाले. तो गेल्यावर शटर अर्धं ओढलं आणि मशीनसमोर बसून राहिले. तुझ्याशी बोलायला काल तिथेच सुरुवात केली, ते बोलणं अजून संपत नाही.

तुला माझ्या भीतीचं नेहमी हसू यायचं. "तायडे, झाडावर मी चढतो आणि घाम तुला फुटतो," म्हणायचास. पण तू मेकॅनिकच्या जागी कधी बसला नाहीस रे. जमिनीवर चालणारी मशीन बंद पडली तर माणूस वैतागतो, शिव्या देतो, दुकानात आणून आपटतो. तुझी मशीन वर चालायची. दोरावर लटकलेला तू, अर्धी कापलेली फांदी आणि हातातलं यंत्र गप्प. दुकानातून ती हातात घेऊन तू निघालास की मी मनातल्या मनात तिचा एक एक स्क्रू पुन्हा आवळायची. ग्राहक समोर बोलत असायचा आणि मला ऐकू यायचं नाही.

जुनी मशीन होती तोवर मला निदान काहीतरी करता यायचं. तिच्या कार्बोरेटरला स्क्रू होते. पेट्रोल कमी पडत असेल तर तिचा आवाज चिरका व्हायचा, जास्त होत असेल तर ती घोगरी व्हायची, धूर सोडायची. तू आणून टेबलावर ठेवायचास, मी चालू करायची, कान लावायची, बारीक स्क्रूड्रायव्हर थोडा इकडे, थोडा तिकडे. तिचा सूर लागला की माझाही श्वास जागेवर यायचा. आठवड्यात एकदा तरी तू यायचास. चहा व्हायचा, तुझ्या बायकोने, मनीषाने दिलेला डबा आपण दोघं मिळून खायचो. आता वाटतं, मला त्या मशीनपेक्षा ते येणंच हवं होतं.

मग तू ही नवी घेतलीस. केवढा खूश होतास. टेबलावर ठेवलीस आणि म्हणालास, "हिला स्क्रूच नाहीत, बघ. ती आपलं आपण ठरवते." आत एक छोटा इलेक्ट्रॉनिक मेंदू आहे, गरम असो, पाऊस असो, फिल्टरमध्ये धूळ असो, हवा-पेट्रोलचं माप तीच जुळवून घेते, असं सगळं तू शोरूमवाल्याच्या थाटात मला समजावलंस. मी कव्हर काढून बघितलं. खरंच स्क्रू नव्हते. माझा हात ठेवायला जागाच नव्हती.

आपलं भांडण तिथून सुरू झालं. मी म्हटलं, जुनी आजारी पडायच्या आधी खोकायची तरी. ही सगळं सहन करत राहील, आणि जेव्हा जमणार नाही तेव्हा एकदम बसेल. तू म्हणालास, जुनी दर आठवड्याला खोकायची, हिला आणून महिना झाला तरी एक शिंक नाही, याला तू वाईट म्हणतेस? आणि तुझं खरंही होत होतं. पहिला पावसाळा गेला, दुसरा गेला. वाशीच्या कॉलन्यांमधली ती मोठाली रेन ट्री तू तिच्याने उतरवलीस. एका झटक्यात चालू व्हायची. मी माझ्या तोंडाने कबूल केलं की इतकी गुणी मशीन आपल्या दुकानात आली नव्हती. तू ते रतनला बोलावून माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलंस.

पण भीती गेली नाही. उलट ती आता बिनकामाची झाली. पूर्वी ती हाताला काम द्यायची. आता नुसतीच छातीत बसून राहायची.

आणि मग वाशीचा तो दिवस आला. आपण त्याबद्दल नंतर कितीतरी वेळा बोललो, पण दर वेळी तू हसण्यावारी नेलंस. म्हणून माझ्या बाजूने तो कसा होता ते तुला कधी सांगता आलं नाही.

दुपार होती. उकाडा असा की दुकानातला पत्रा तडतडत होता. तुझा फोन आला. कामावर असताना तू कधी फोन करायचा नाहीस, त्यामुळे नाव बघताच मी हातातलं काम टाकलं. तुझा आवाज अगदी साधा होता. "ताई, बंद पडली. अर्ध्यात. चालू होत नाही." मागे वाऱ्याचा आवाज येत होता आणि त्यातूनच एक बारीक कर्र असा आवाज. मी विचारलं, ते काय वाजतंय? तू म्हणालास, फांदी.

फांदीच्या खाली तिसऱ्या मजल्याची गॅलरी होती. घरात एक म्हातारं जोडपं होतं आणि आजी अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना हलवता येत नव्हतं. हे तू मला त्याच साध्या आवाजात सांगितलंस. मी म्हटलं, मशीन सोड, खाली ये. तू म्हणालास, अर्धी कापून सोडली तर वारा ती कुठे टाकेल सांगता येणार नाही. खालून रतन काहीतरी ओरडत होता.

स्टूल ओढून बसले. डोळे मिटले आणि मशीन डोळ्यांसमोर आणली. सकाळपासून चालतेय, तापलीय, उकाडा आहे. पेट्रोलची आतल्या आत वाफ झाली असणार. तुला म्हटलं, आता चालू करायची दोरी ओढू नकोस. चोक लावू नकोस. नुसता थांब, तिला वाऱ्यावर धर. किती वेळ, तू विचारलंस. चहा उकळायला लागतो तेवढा, मी म्हटलं. तेवढा वेळ तुझा श्वास ऐकू येत होता आणि ती फांदी. माझं चुकत असेल तर, एवढं एकच डोक्यात फिरत होतं. वाफ नसेल, दुसरंच काही असेल, आणि मी तुला तिथे अडकवून ठेवत असेन तर. मग म्हटलं, ओढ. पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा ती चालू झाली, आणि तिच्या आवाजाने फोन भरून गेला, आणि लगेच कट झाला. तुला दोन्ही हात लागणार होते.

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला ते मला माहीत नाही. फोन हातात होता आणि तो करायचा नाही हे कळत होतं. शेवटी वाजला तेव्हा स्क्रीनवर तुझं नाव नव्हतं, रतनचं होतं. ते नाव वाचून उचलेपर्यंत मी तुला एकदा गमावलं होतं, विजू. रतन म्हणाला, "झाला ताई. फांदी दोरावं घेतली. इजू उतरतोय." मी फोन टेबलावर ठेवला आणि मोरीत जाऊन उलटी केली. हे तुला सांगायचं राहिलं.

संध्याकाळी तू हसत आलास. मी तुझ्याशी न बोलता मशीन उघडली. हवेच्या फिल्टरवर बारीक भुशाचा थर बसला होता, पापडासारखा. टाकीतली पेट्रोलची नळी फुगून मऊ पडली होती. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि रबराला खातं. तू ऑईल घालून ठेवलेल्या पेट्रोलचा डबा आठवडे न् आठवडे तसाच टेम्पोत उन्हात फिरत होता. मशीन हे सगळं सांभाळून घेत होती. इकडे हवा कमी, तिकडे पेट्रोल कमी, ती जुळवत राहिली आणि तुला पत्ता लागला नाही. उकाड्याने एक धक्का दिला आणि तिची हद्द संपली.

मी म्हटलं, बघितलंस? तूही फिल्टर हातात धरून म्हणालास, बघितलं. हा मी साफ करायला हवा होता, मशीन काय करणार. आपण दोघंही जिंकलो आणि दोघंही हरलो. त्या दिवसापासून शनिवारी मशीन दुकानात येऊ लागली. फिल्टर धुवायचा, टाकीतला फिल्टर बदलायचा, पेट्रोल ताजं आणि लागेल तेवढंच बनवायचं, काम संपलं की टाकी रिकामी करायची. आणि काही झालं तरी कमरेला हातकरवत. तू कुरकुरत सगळं ऐकलंस. मी म्हटलं, ही विकून टाक, जुनी परत घे, तेवढं मात्र ऐकलं नाहीस. ते आपलं शेवटचं भांडण. पावसाळा तोंडावर होता. तू मशीन उचललीस, दारात थांबलास आणि म्हणालास, "ताई, भीती मशीनमध्ये नाही. तुझ्यात आहे. ती कुठल्या स्क्रूने काढायची सांग, मी काढून देतो."

मी चिडून तोंड फिरवलं.

उलव्याचं काम तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी नेहमीचेच प्रश्न विचारले. झाड उभं आहे की पडलेलं? पडलेलं, तू म्हणालास, रस्त्यावर आडवं, चढायचंच नाही. माझा जीव भांड्यात पडला. चढायचं नाही म्हणजे आजचा दिवस सुखाचा. त्या दिवशी मी खरंच निवांत होते, विजू. दुपारी दुकानातच डुलकी काढली. आणि तू तिकडे गुडघाभर गढूळ पाण्यात दिवसभर उभा होतास. नव्या इमारतींचा भराव, तुंबलेली गटारं, त्यात मेलेलं काय काय तरंगत असेल. बूट फाटका आणि पोटरीला फांदीचा ओरखडा. तुला तो ओरखडा वाटलाही नसेल. असले तुझ्या अंगावर कायम असायचे.

ताप आला तेव्हा तू म्हणालास, भिजलो म्हणून. अंग दुखतंय म्हणालास तेव्हा मनीषा म्हणाली, झाडं ओढून ओढून दुसरं काय होणार. तुझे डोळे लाल झाले, मग पिवळे. मग तिचा फोन आला आणि मी वाशीच्या हॉस्पिटलमध्ये धावत गेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, साचलेल्या पाण्यात उतरले होते का? लेप्टो, ते म्हणाले, असल्या पाण्यातून जखमेवाटे अंगात शिरतो. किडन्यांवर गेलंय. मनीषाने माझा हात इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली, आणि मला बरं वाटलं, कारण दुसरं काही जाणवत नव्हतं.

इतकी वर्षं मी वर बघून घाबरले रे. उंचीला, दोराला, साखळीला, त्या न दिसणाऱ्या मेंदूला. पाण्याला घाबरायचं मला सुचलंच नाही.

आयसीयूत एकेकाला आत सोडायचे. तू मध्येच शुद्धीवर यायचास, मध्येच काहीतरी असंबद्ध बोलायचास. एकदा तू माझ्याकडे नीट बघितलंस. मला ओळखलंस. ओठ सुकलेले होते, मी कान जवळ नेला. तू म्हणालास, "ताई, टाकीत पेट्रोल तसंच राहिलंय." मी म्हटलं, राहू दे, मी काढते. तू मान हलवलीस, काम झाल्यासारखी. तुला सांगायला माझ्याकडे केवढं होतं. तू मला इतक्या विश्वासाने मशीन सोपवत आलास, कधी झाकण उघडून तपासलं नाहीस, वर जाऊन सरळ दोरी ओढलीस. आबांनीसुद्धा माझ्या कामावर एवढा भरवसा ठेवला नव्हता. हे सांगायचं होतं. आणि मी पेट्रोल काढते म्हणाले.

ते मी काढलं. काल रतन गेल्यावर, संध्याकाळी. तळाशी पाण्याचा थेंब वेगळा दिसत होता. फिल्टर धुतला, नळी नवी घातली, साखळीतला भुसा ब्रशने काढला. तो फेकवेना. कागदाच्या पुडीत बांधला आणि मग माझं मलाच कळेना की याचं काय करायचं, म्हणून बाहेरच्या कुंडीत टाकला. हे सगळं हातांनी केलं. चालू करायची वेळ आली तेव्हा मात्र जमेना. मशीन तशीच झाकून घरी गेले.

आज सकाळी केली. ब्रेक लावला, जमिनीवर ठेवली, मुठीत बूट घालून दाबली आणि दोरी ओढली. नळी बदलल्यावर ही मशीन आधी चाचपडते. रेस न देता तशीच चालू ठेवावी लागते. सुरुवातीला ती मोठ्याने ओरडते, मग तिचं माप तिला सापडतं आणि आवाज आपोआप खाली उतरतो. मी वाकून उभी होते. आता बंद पडेल, आता पडेल, असं वाटत होतं, आणि खरं सांगू का, ती बंद पडावी असंही वाटत होतं. म्हणजे रतनला नाही म्हणता आलं असतं. पण तिचा आवाज उतरला. स्थिर झाला. मी एका ओंडक्यात काप घेऊन पाहिले. तिच्यात काही दोष नव्हता. भीती तशीच होती. तुझं म्हणणं मला तिथे पटलं, भुशात उभी असताना.

रतन आला तेव्हा मी त्याला सांगितलं, मशीन ठीक आहे. तरी तो उचलेना. म्हणाला, "मना भ्या वाटतं ताई. इजू वर असला का मी खालून बघायचो, मना काय वाटायचं नाय. आता कोन बघनार?" त्याच्यासारखा आडदांड माणूस, आणि डोळे लहान मुलासारखे. मी शटर ओढलं आणि त्याच्या टेम्पोत बसले. वाटेत त्याला सांगितलं, साचलेल्या पाण्यातलं काम आजपासून घ्यायचं नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. आणि दवाखान्यात जाऊन त्या पाण्याचं डॉक्टरांना सांगून ये, तूही त्यात उभा होतास. तो हो म्हणाला.

खारघरला सोसायटीने गेट बंद करून ठेवलं होतं. मुलांना मागच्या बाजूने सोडत होते. रतनचा मेव्हणा दोर धरून उभा राहिला. लोकांना अडवायला बांधलेल्या पट्टीच्या अलीकडे मी थांबले. रतन चढला, दोन ठिकाणी स्वतःला बांधून घेतलं, आणि मशीन चालू झाली. पहिली फांदी आली, दुसरी आली. मी फक्त आवाज ऐकत होते. आणि मोठ्या फांदीवर असताना ती एकदम बंद झाली.

विजू, मी मान वर केली. मेव्हणा वर बघत होता. वॉचमन वर बघत होता. फांदी जागेवर होती, तिची पानं तेवढी हलत होती. मग रतनने हात बाहेर काढून दाखवला. दोर सरकवायला त्याने स्वतःच बंद केली होती. त्याने दोर सरकवला, बसला, आणि पहिल्याच ओढीला ती चालू झाली. मी पट्टीचा खांब धरून ठेवला होता, तो सोडला तेव्हा तळहातावर गंजाचा डाग उमटला होता.

झाड उतरायला दुपार झाली. रतन खाली आला आणि तिथेच फुटपाथवर बसला. मी शेजारी बसले. मशीन आमच्या दोघांच्या मध्ये होती, अजून गरम. सोसायटीच्या एका बाईंनी चहा पाठवला. त्यांचे मिस्टर जवळ येऊन वाकून मशीनकडे बघत होते. चांगली आहे, म्हणाले. कुणाची?

रतन माझ्याकडे बघायला लागला.

मी म्हटलं, "माझ्या भावाची आहे."

ते मान हलवून गेले. वाक्यातला काळ चुकला होता, मला कळलं होतं. आयुष्यभर दुरुस्तीच करत आलेय, पण ते वाक्य दुरुस्त करावंसं वाटलं नाही.